तक्काळी राव

टोमॅटोच्या रोपाला पाणी कसं घालावं हे मला स्वामीरावांनी शिकवलं, आणि त्या माणसानं माझ्यादेखत टोमॅटोच्या रोपाला एकदाही हात लावला नाही. तंजावरला आमच्या गल्लीत त्यांना सगळे ‘तक्काळी राव’ म्हणत. तक्काळी म्हणजे टोमॅटो. आमच्या तिकडच्या मराठीत असे तमिळ शब्द मुरून गेलेले असतात. टोमॅटो म्हणायची सवय मला पुण्याला आल्यावर लागली, आणि अजूनही मंडईत निवडून घेताना तोंडात आधी तक्काळीच येते.

मी तिरुवैयारूची. लग्न होऊन तंजावरला आले ती पन्नासच्या दशकाच्या अखेरीस, पावसाळा सरता सरता. आमच्या आणि स्वामीरावांच्या परसाच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती आणि विहीर दोन्ही घरांत मिळून एक. पहिल्याच सकाळी पाणी काढायला गेले तर भिंतीपलीकडे एक उंच, वाळका माणूस उभा. कपाळाला गंध, हात पाठीमागे बांधलेले, हातात मिटलेली छत्री. पुढ्यात वाफ्यामध्ये त्यांच्या पत्नी, तुळजाक्का, लुगड्याचा काचा मारून चिखलात बसलेल्या. स्वामीराव छत्री पुढे काढत आणि टोकानं दाखवत.

“तें नव्हे. त्याच्या खालचें. पान आणि खोड ह्यांच्या बेचक्यांतला कोंब. चिमटीनें मोड.”

“हा?”

“तो फुलांचा तुरा. तो मोडलास तर काय खाशील?”

“मीं नाहीं खात तुमची तक्काळी,” तुळजाक्का म्हणाल्या आणि मोडलेला कोंब भिंतीवरून भिरकावला. तो माझ्या पायाशी पडला.

मला त्या माणसाची चीड आली. आत जाऊन सासूबाईंना म्हटलं, “शेजारचे मामा स्वतः उभे राहून बायकोला चिखलात राबवतात.” सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “त्यांनीं गयेला तक्काळी सोडली आहे, पोरी. हात कसा लावतील?”

आईवडिलांचं श्राद्ध करायला गयेला गेलं की एक भाजी, एक फळ तिथे कायमचं सोडून यायचं असतं. सोडायचं ते आवडीचं सोडावं असा नियम आहे, पण माणसं हुशार असतात. कारलं न आवडणारा कारलं सोडून येतो. आमच्या सासऱ्यांनी म्हणे नवलकोल सोडला होता, जो त्यांच्या घरात कधी शिजलाच नव्हता. स्वामीराव आईचं करायला गेले तेव्हा सोबतच्या मंडळींनी त्यांना आधीच पढवून ठेवलं होतं की भोपळा म्हणा आणि मोकळे व्हा. गयावळ पंड्यानं विचारल्यावर स्वामीराव म्हणाले, तक्काळी.

आणि तक्काळीवर तर त्यांचा जीव. ते कालव्यांच्या खात्यात हेडक्लार्क होते, आणि कुठल्याशा इंजिनियरच्या बंगल्यातून आणलेल्या रोपांपासून त्यांनी हा नाद सुरू केला होता. आमच्या गल्लीतल्या जुन्या बायकांना ते फळ चालत नसे. रंग रक्ताचा, चिरलं की मांसासारखं दिसतं, श्राद्धपक्षाला तर नावही काढायचं नाही. तुळजाक्का ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. मग स्वामीराव परसात तीन विटा मांडून आपलं सार आपण करत आणि तिथेच उकिडवे बसून पीत. गयेहून परतले त्या दिवशी त्यांनी फळांनी लगडलेली सगळी झाडं स्वतः उपटली, विहिरीवर आंघोळ केली आणि मगच घरात पाय ठेवला. गुरुजींनी समजावलं की राव, खायचं नाही एवढंच, लावायला काही हरकत नाही. त्यावर स्वामीरावांचं उत्तर गल्लीभर झालं होतं. “हातांत धरून ठेवलें, तें सोडलें कसें?”

असा माणूस शेजारी असणं सोपं नसतं. खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही, हे बरेच लोक म्हणतात. स्वामीराव त्याप्रमाणे वागत आणि लोकांची पंचाईत करत. समोरच्या घरी मुलगी बघायला पाहुणे आले, त्यांनी तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर बसलेल्या स्वामीरावांना सहज विचारलं की मुलगी कितवी शिकली. “आठवींत दोनदां बसली,” ते म्हणाले. पाहुणे कॉफी न पिता गेले. मुलीचा बाप भांडायला आला तेव्हा स्वामीरावांना खरोखरच कळेना की आपलं काय चुकलं. कुणाच्या घरी कॉफी करपट झाली तर तेही सांगत, आणि सांगून झाल्यावर कप रिकामा करत.

हाच खरेपणा त्यांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नातही केला. अंबुजा त्यांची एकुलती एक. लहानपणी तापात तिचे सांधे धरले होते, महिनाभर उठता येत नव्हतं. हे त्यांनी पापनाशमच्या व्याह्यांना लग्न ठरायच्या आधीच, कुणी विचारलेलं नसताना सांगून टाकलं. तेव्हा व्याहीही म्हणाले, असूं द्या, मुलगी गोरीगोमटी आहे. पुढे मुलगा झाला, किट्टू. त्यानंतर एक बाळंतपण फुकट गेलं आणि अंबुजा फिकट पडत गेली. पावलं सुजायची, दोन पायऱ्या चढली की धाप. ऐन पावसाळ्यात सासूनं तिला माहेरी पाठवून दिलं. किट्टू तीन वर्षांचा, त्याला ठेवून घेतलं. निरोप असा होता की विहिरीचं पाणी ओढण्याइतकी बरी झाली की घेऊन जाऊ. वर जोडून दिलं, “लहानपणीं सांधे धरले होते म्हणून तुम्मीच सांगितलें होतें की.”

म्हणजे पोरगी बरी झाली तर तिला तिचं मूल मिळणार होतं. नाही झाली, तर नाही. मी शेजारच्या घरी सून म्हणून आले तेव्हा हे सगळं असं लटकलेलं होतं.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, रक्त फार कमी आहे, हृदय थकलं आहे. सुया लिहून दिल्या, गोळ्या दिल्या, आणि जाता जाता म्हणाले, पालेभाजी खाऊ द्या, फळं द्या, तक्काळी द्या. डॉक्टरांनी चार गोष्टी सांगितल्या, स्वामीरावांनी एकच ऐकली. बाजारात तक्काळी मिळायची, नाही असं नाही. पण ती गटाराच्या पाण्यावरची, असं त्यांचं म्हणणं, आणि तसं एकदा ठरलं की त्यांच्यापुढे कुणाचं चालत नसे. तक्काळी घरचीच हवी. स्वतः तर सोडलेली. उरल्या तुळजाक्का.

ज्या बाईनं उभ्या जन्मात ते फळ उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, ती आता त्याची शेती करू लागली. मला आजही नवल वाटतं ते स्वामीरावांचं नाही, तुळजाक्कांचं. तोंडाचा पट्टा मात्र अखंड चालू असायचा. “तुमची गया, तुमचें पुण्य, आणि नखांत माती माझ्या.” स्वामीराव ऐकून घेत आणि छत्रीनं पुढची जागा दाखवत.

त्यांना सगळं येत होतं. कावेरीच्या गाळात भात पिकतं, पण तक्काळीचं मूळ त्यात गुदमरतं, म्हणून नदीची वाळू आणि कुजलेलं शेण मिसळून त्यांनी उंच वाफे करवून घेतले. रोपं लावायची ती संध्याकाळी, आणि पहिल्या पानांपर्यंत मातीत पुरून, म्हणजे पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. सुरूच्या काठ्यांचा आधार, आणि जुन्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, चिंध्यांनी बांधायचं ते सैल. पाणी सकाळी, बुंध्याशी. पानावर पाणी पडलेलं त्यांना बघवत नसे. भिंतीच्या आमच्या बाजूला मी त्यांनी सांगितल्याप्रमाणे एक रोप लावलं होतं. एकदा घाईत मी त्यावर वरून तांब्या ओतला तर पलीकडून आवाज आला, “पोरी, तुझ्या डोक्यावर भात वाढला तर पोटांत जाईल कां?” मी पुन्हा कधी तसं केलं नाही.

फुलं आली की सकाळी ऊन चढल्यावर प्रत्येक तुऱ्याला देठापाशी हलकी टिचकी मारायची, म्हणजे फळ धरतं. हे त्यांनी सांगितलं तेव्हा तुळजाक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ऐकलेंस? आता झाडांचीं लग्नें लावतें मीं.” आणि मग फुलाफुलाला टिचक्या मारत सगळा वाफा फिरल्या. मागच्या दारात अंबुजा भिंतीला टेकून बसली होती. ती हसली आणि हसताना खोकली.

पौषात तीन झाडांची पानं आवळून आली, वाटीसारखी वळली. स्वामीराव वाकून, हात पाठीशी घट्ट धरून बघत राहिले. मग म्हणाले, “हीं तीन काढून टाक. जाळ.” त्या झाडांना बोराएवढी फळं धरलेली होती. तुळजाक्का म्हणाल्या की राखेची चिमूट टाकून बघू, चार दिवस थांबू. “थांबलीस तर सगळीं जातील.” तुळजाक्कांनी झाड उपटलं आणि त्याच्यावर कोसळून रडायलाच लागल्या. लेकीच्या नावानं लावलेलं झाड उपटायचं म्हणजे काय, हे त्या माणसाला कळत नसेल असं नाही. पण तो तिथे तसाच उभा राहिला, दोन हातांवर. बायकोला धरून उठवायचं तर तिच्या हातात ते झाड होतं. मी भिंत ओलांडून गेले आणि त्यांना उठवलं. त्या दिवशी मी स्वामीरावांशी बोलले नाही.

बाकीची झाडं वाचली. माघात पहिली फळं पिकली. अंबुजानं विहिरीच्या कठड्यावर बसून एक फळ मीठ लावून खाल्लं, आणि तुळजाक्कांनी बाकीच्यांचं सार स्वतःच्या चुलीवर, स्वतःच्या पातेल्यात केलं. रोज देत. सुयांनी असेल, गोळ्यांनी असेल, पण पोरीच्या ओठांना रंग आला. पायांची सूज उतरली. दुपारी ती भिंतीशी येऊन माझ्याशी बोलू लागली, आणि बोलणं सगळं किट्टूचं. त्याला झोपताना कान धरायला लागतो, दुसऱ्याचा, स्वतःचा नाही. आता कोणाचा धरत असेल, हे ती रोज मला विचारायची.

फाल्गुनात एका सकाळी तिनं स्वतःहून दोर घेतला. तुळजाक्का नको नको म्हणत राहिल्या. तिनं घागर सोडली, ओढली, मध्ये दम खायला थांबली, पुन्हा ओढली आणि वर काढून कठड्यावर ठेवली. अर्धीच भरलेली होती. स्वामीराव पलीकडे तोंड करून उभे होते. घागर कठड्यावर टेकल्याचा आवाज झाला तेव्हा वळले आणि म्हणाले, “पापनाशमला कळवूं?”

“पुरी भरूं दे की मज, अप्पा,” ती म्हणाली. “अर्धी म्हणून सांगाल तुम्मी त्यांना.”

सांगितलं असतंच त्यांनी. म्हणून कळवलं नाही, आणि ती पुरी घागर कधी वर आली नाही. चैत्राची उन्हं सुरू झाली, रात्रीसुद्धा गार होईना. तक्काळीला अशा उकाड्यात फळ धरत नाही, फुलं नुसती गळतात. अंबुजाचे पाय पुन्हा सुजले. आडवी झाली की धाप लागे, म्हणून उशांना टेकवून बसवून ठेवत. डॉक्टर घरी येऊन गेले. ह्या खेपेला त्यांनी काही खायला सांगितलं नाही.

स्वामीरावांच्या डोक्यात तेव्हा दुसरंच शिरलं. एका सकाळी मी विहिरीवर असताना ते परसात आले. छत्री नव्हती. तुळजाक्का झाडांना पाणी घालत होत्या.

“सगळीं काढून टाक,” ते म्हणाले.

“कां? कोठें वळलीं पानें?”

“कपट जाहलें माझ्याकडून. हात तुझा, डोकें माझें. मीं तक्काळी सोडलीच नाहीं. गयेला बोललेलें खोटें केलें, तें तिच्यावर आलें.”

तुळजाक्कांनी तांब्या खाली ठेवला. मला वाटलं आता त्या नेहमीसारख्या फणकारतील. पण त्या अगदी हळू बोलल्या. “पोरीच्या घशाखालीं आतां फक्त हें सार उतरतें. भात नाहीं, दूध नाहीं. झाडांवर जीं आहेत तीं शेवटलीं आहेत. तुम्हांला उपटायचीं असतील तर तुम्मी उपटा. मीं हात लावणार नाहीं.”

आणि त्या बाजूला सरकून उभ्या राहिल्या. स्वामीराव वाफ्याच्या कडेला तसेच उभे. हात पुढे आले, तसेच राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. बघवेना म्हणून मी दोर सोडून आत गेले. इतका राग आणि इतकी दया एकाच माणसाबद्दल मला पुन्हा कधी वाटली नाही. मी परत बाहेर आले तेव्हा झाडं जागच्या जागी होती आणि तुळजाक्का उरलेलं पाणी घालत होत्या.

त्यानंतर अंबुजानं एकच धरलं, किट्टूला बघायचं. बोलायला दम पुरत नव्हता तरी तेवढंच बोलायची. जावई दोनदा येऊन गेला होता, पण तो आईच्या धाकातला, येताना मूल आणायची हिंमत त्याच्यात नव्हती. शेवटी स्वामीराव स्वतः जायला निघाले. सोबत आमचे हे गेले, शाळेत रजा टाकून. तुळजाक्कांनी झाडावरची चांगली चार फळं पिशवीत घातली, किट्टूसाठी. पिशवी अर्थातच ह्यांनी धरली. दोघं सकाळच्या गाडीनं पापनाशमला गेले.

दुपारी परत आले तेव्हा दोघंच होते. ह्यांनी मला मागच्या ओसरीत सगळं सांगितलं. विहीणबाईंनी त्यांना तिण्णैच्या पुढे येऊच दिलं नाही. बसा म्हणाल्या, पाणी दिलं. स्वामीरावांनी आयुष्यात कुणापुढे हात जोडले नसतील, ते जोडले. म्हणाले, एक दिवस पाठवा, संध्याकाळच्या गाडीनं मी स्वतः आणून सोडतो. त्या बाई काही ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “आतां कोठें आई म्हणून रडणें थांबलें आहे त्याचें. परत कशाला सुरू करायचें?” आत कुठेतरी मूल खेळत असल्याचा आवाज येत होता. तेवढाच. पिशवीकडे बघून त्या म्हणाल्या, हें अम्मी घरांत घेत नाहीं. ह्यांनी ती फळं वाटेत स्टेशनाबाहेरच्या गाईपुढे टाकली.

अंबुजा त्यानंतर आठवडाही राहिली नाही. पुढे दोन-तीन महिन्यांत ह्यांची मदुरेला बदली झाली आणि आमचं तंजावर सुटलं. मधल्या दिवसांत स्वामीराव मला रोज दिसत असणार, पण त्यातलं काही आठवत नाही. मला ते दिसतात ते त्याच दुपारी, ह्यांचं सांगणं ऐकून मी घागर घेऊन विहिरीवर गेले तेव्हाचे.

त्यांचं मागचं दार उघडं होतं. अंबुजा उशांना टेकून बसलेली, आणि स्वामीराव अंगातला कोटही न काढता तिच्या पलंगाच्या कडेवर. तिचा हात त्यांच्या हातात होता. तुळजाक्का दाराशी, पाठ माझ्याकडे.

“झोपला होता,” ते सांगत होते. “दुपारचा. म्हणून आणलें नाहीं. मग उठला.”

“केवढा जाहला?”

“माझ्या कमरेला लागतो.”

“मज विचारलें कां?”

“विचारलें की. अम्मा कोठें, म्हणून विचारलें. बरी होत आहे, येईल, म्हणून सांगितलें.”

ती थोडी थांबली, श्वास मिळेपर्यंत. मग म्हणाली, “तक्काळी खाल्ली?”

“दोन खाल्लीं. मांडीवर बसून.” स्वामीरावांचा आवाज नेहमीसारखाच होता, कालव्याचा हिशेब सांगावा तसा. “दोन ठेवलीं आहेत, उद्यांस.”

“अंगावर सांडलें असेल.”

“सांडलें. पांढरा सदरा होता.”

“आजी रागावली असेल,” अंबुजा म्हणाली, आणि तिच्या तोंडावर हसू आलं.

“नाहीं रागावली,” स्वामीराव म्हणाले. “तिनेंच पुसलें.”

तुळजाक्का दारातून बाहेर आल्या आणि त्यांनी दार मागे ओढून घेतलं. मी तिथे उभी होते हे त्यांनी पाहिलं. मग माझ्या हातातला दोर घेतला आणि माझी घागर त्याच भरू लागल्या.